मोजक्या पैशांत चौघांचं सकस जेवण: खरेदी कशी आखायची?

नवी_सुरुवात

घरात आम्ही चौघं. दोन मोठी माणसं, मुलं आठ आणि बारा वर्षांची. खाण्यापिण्याची महिन्याची रक्कम ठरलेली आहे, ती वाढण्यासारखी नाही. तीन आठवडे नीट निघतात, शेवटच्या आठवड्यात ताटात नुसता भात आणि बटाटा उरतो. मुलं वाढीच्या वयातली असल्यामुळे हे बदलायचं आहे.

फ्रिज लहान आहे, फ्रीजर त्याहून लहान. बाजार आठवड्यातून एकदाच होतो. अंडी आणि चिकन चालतं, पण रोज परवडत नाही.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं का? दुकानात उभ्या उभ्या ते कसं तपासायचं? प्रथिनांसाठी सगळ्यात कमी खर्चाचं काय, आणि चौघांना रोज किती लागतं? भाजी आठवडाभर पुरत नाही, निम्मी सडते, त्याला काय करावं? "पौष्टिक खा, बाहेरचं टाळा" हे माहीत आहे, कृपया आकड्यांत सांगा.

---

तराजू

आधी चौघांना लागतं किती ते काढू, म्हणजे यादी आपोआप तयार होते.

प्रथिनांची ढोबळ गरज वजनाच्या दर किलोला ०.८ ते ०.९ ग्रॅम. दोन मोठ्यांची मिळून शंभर ग्रॅम, तुमच्या वयाच्या दोन मुलांची मिळून साठ. म्हणजे घराला रोज १६० ग्रॅम.

आता हे भरायचं कसं. चौघांना रोज साधारण सव्वा किलो कोरडं धान्य लागतं (तांदूळ, गहू, मका, जे खात असाल ते). त्यातूनच ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, हे पुष्कळांच्या हिशेबात नसतं. कागदावर उरले पन्नास. पण धान्या-डाळीतलं प्रथिन अंड्या-दुधाइतकं पूर्ण अंगी लागत नाही, म्हणून पन्नासऐवजी पंचाहत्तर धरा. पाव किलो कोरडी डाळ किंवा कडधान्य (६० ग्रॅमपर्यंत) आणि अर्धा लिटर दूध (१६ ग्रॅम), झालं. अंडी, चिकन, मासे हे यावर जेव्हा जमेल तेव्हा.

महिन्याला हे होतं ३७-३८ किलो धान्य, साडेसात किलो डाळी-कडधान्यं, पंधरा लिटर दूध. तेल तीन लिटरच्या आत. मुलं लहान असताना तेल फार तोडू नका. त्यांचं पोट लहान, उष्मांकाची गरज मोठी. शिवाय गाजर, भोपळा, पालेभाजीतलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य थोड्या स्निग्धाशिवाय नीट शोषलंच जात नाही.

आता कुठलं प्रथिन स्वस्त. दर किलोतलं प्रथिन लक्षात ठेवा: मसूर २४०, हरभरा २००, शेंगदाणे २५०, सोयाबीनच्या वड्या ५००, बोनलेस चिकन २२० ग्रॅम. दूध लिटरला ३२, अंडं एकाला ६ म्हणजे डझनाला ७२. किमतीला या आकड्याने भागा. डाळ किलोला १२० आणि डझन अंडी ७२ ला असतील (आकडे फक्त हिशेबासाठी) तर डाळीतलं एक ग्रॅम प्रथिन अर्ध्यात पडतं, अंड्यातलं एकात. डाळीतून पचनासाठी पाव भाग वजा केला तरी ती स्वस्तच राहते. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, भागाकार मात्र हाच. दर महिन्याला पुन्हा करा, कारण डाळींचे भाव एकमेकींच्या तुलनेत सारखे खालीवर होतात. या महिन्यात मसूर स्वस्त तर पुढच्या महिन्यात हरभरा असू शकतो. साडेसात किलो ठरलेले आहेत, कुठली डाळ ते भावावर ठरू द्या.

चिकनचं: अख्ख्या साफ केलेल्या कोंबडीचा साधारण दोन तृतीयांश भाग खाण्याजोगा असतो. म्हणून हाडांसकटच्या भावाची दीडपट करा. ती बोनलेसच्या भावापेक्षा कमी भरली तर हाडांसकट घ्या. हाडं उकळून रस्सा निघतो तो वेगळाच.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं. दुकानात मोबाइलवर एकच भागाकार करायचा: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले शंभर. ४०० ग्रॅमचं पाकीट ६० ला आणि किलोचं १६० ला असेल तर शंभर ग्रॅम अनुक्रमे १५ आणि १६ ला पडले. इथे लहान पाकिटं घेणारा शहाणा. काही दुकानांत शेल्फवरच्या चिठ्ठीवर एककाचा भाव छापलेला असतो, पण एका मालाचा किलोवर आणि शेजारच्याचा शंभर ग्रॅमवर असू शकतो, तेवढं बघा.

जिथे हमखास फसायला होतं त्या जागा:

तेल. एक लिटर तेलाचं वजन ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. एक पिशवी लिटरची आणि शेजारची किलोची असेल तर सरळ तुलना करू नका.

डबाबंद कडधान्य. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढलं की २४० ग्रॅम उरतात. तेवढं शिजलेलं कडधान्य शंभर ग्रॅम कोरड्यातून होतं.

गोठवलेले मासे आणि कोळंबी. वर बर्फाचा थर चढवलेला असतो. पाकिटावर बर्फाशिवायचं वजन दिलं असेल तर तेच धरा.

"मल्टीग्रेन" वगैरे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पाव, बाकी धान्यं नावापुरती.

---

पानफूल

तराजू यांचा हिशेब पक्का आहे. भाजीला मात्र किलोचा भाव फार फसवतो, तिथे निवडून-सोलून हातात काय उरतं ते बघावं लागतं. मटाराच्या शेंगा सोलल्यावर निम्म्याहून कमी उरतात. पाल्यासकट फ्लॉवर निम्मा. केळ्याचा तिसरा हिस्सा सालीत जातो. कोबी, गाजर, बटाटा यांचं फक्त दहा ते वीस टक्के. म्हणून शेंगांचा भाव दुपटीहून थोडा जास्त धरायचा आणि मग गोठवलेल्या दाण्यांशी ताडायचा. पुष्कळदा गोठवलेले दाणे स्वस्त निघतात, आणि ते काढणीनंतर लगेच वाफवून गोठवलेले असल्यामुळे सत्त्वातही कमी नसतात. तुमच्या लहान फ्रीजरमध्ये ठेवायला ही एक वस्तू योग्य आहे.

प्रमाण: भाजी आणि फळं मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम (लहान मुलाला थोडं कमी), बटाटा यात धरायचा नाही. चौघांचं दीड किलो. आठवड्याला साडेदहा किलो, टाकाऊ भाग धरून बारा-तेरा किलो विकत घ्यायचे. हा आकडा ऐकून धसका घेऊ नका, निम्मं वजन कोबी, गाजर, भोपळा आणि हंगामातलं सगळ्यात स्वस्त फळ यांनी भरतं.

सडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सगळ्या भाज्या एकसारख्या टिकतील असं धरून हाताला येईल ती आधी केली जाते. पिशवी घरी आली की तीन वाटे करा.

पहिले दोन दिवस: पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, मशरूम, आणि मार लागलेलं जे काही असेल ते.
तिसरा ते पाचवा: वांगी, काकडी, फरसबी, ढोबळी मिरची, टोमॅटो.
शेवटचे दोन: कोबी, गाजर, बीट, लाल भोपळा, कांदा, गोठवलेले मटार.

खरेदीही याच मापाने करा. दोन दिवसांत संपेल तेवढीच पालेभाजी. तिसरी जुडी फुकट मिळाली तरी ती कचऱ्यातच जाते, आणि ती निवडण्यात गेलेला वेळ वेगळा.

ठेवताना:

पालेभाजी धुऊन ठेवू नका. पानांवर पाणी राहिलं की ती चिघळते. पिवळी पानं काढा, जुडीचा दोरा सोडा, कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी कागद ओला लागला तर बदला.

गाजर, बीट, मुळ्याचा पाला आल्या आल्या कापा. पाला मुळातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर मऊ पडतं. पाला ताजा असतानाच भाजीत घाला.

कोबी मधोमध चिरू नका. बाहेरून एकेक पान सोडवून वापरला तर गड्डा बंदच राहतो. चिरलेली कड काळी पडते, मग दर वेळी तेवढी काप काढून टाकावी लागते. आठवड्यात अशी चांगली वाटीभर भाजी वाया जाते.

पिकणारी केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू सुटतो. त्याने पालेभाजी पिवळी पडते, काकडी मऊ होते. फळांची टोपली वेगळी ठेवा. कांदे आणि बटाटेही एकत्र नकोत. दोन्ही हवेशीर अंधारात, पण वेगवेगळे. हिरवट पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा सोलून वाचवायचा प्रयत्न करू नका, मुलांसाठी तर मुळीच नाही.

बाजार उठायच्या वेळी भाव पडतात. त्या वेळी टिकाऊ माल जास्त घ्या. मऊ टोमॅटो घ्यायचे तर त्याच दिवशी शिजवून दाट गर करायचा हे ठरवूनच. काप लागलेलं, चिरलेलं, झाकण नसलेलं काही घेऊ नका, ते स्वस्त असलं तरी.

आणि एक बिनखर्चाची गोष्ट. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात घ्यायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. ते उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू शिजताना न पिळता ताटात पिळा. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, तासभर जाऊ द्या.

---

नवी_सुरुवात

दोघांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलं. साडेसात किलो कडधान्य एकदम आणायचं तर माझ्या दोन अडचणी आहेत. एक, महिनाभरात भुंगे होतात. दुसरी, हरभरा आणि राजमा रात्रभर भिजवूनही कधी कधी कडकच राहतो, गॅस जळतो तो जळतोच. माल खराब असतो की माझं काही चुकतं?

---

केके_७१

दोन्हीचं मूळ पुष्कळदा एकच असतं: जुना माल.

कडधान्य उष्ण आणि दमट जागी महिनोन् महिने पडलं की दाण्याच्या आतली रचना घट्ट होते आणि मग तो कितीही शिजवा, गाभा कडक राहतो. घेताना बघायचं काय? रंग एकसारखा आणि उजळ असावा. पिशवीच्या तळाशी पीठ साठलेलं असेल, दाण्यावर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं असतील, तर सोडून द्या. एक दाणा दातांखाली धरा. कट्टकन तुटला तर कोरडा, दबला तर ओलसर. ओलसर माल साठवणीला घेऊ नका. नव्या दुकानातून पहिल्या वेळी अर्धाच किलो आणा, शिजवून बघा, मग बाकीचा.

दुसरं कारण पाणी. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे साल कडक राहते. भिजवताना पाण्यात मीठ घाला, लिटरला दोन-तीन चहाचे चमचे. साल मऊ होते. ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला की लवकर शिजतं खरं, पण बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून ती रोजची सवय नको. टोमॅटो, चिंच, लिंबू दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा तिथेच अडतो, आणि घरोघरी "हरभरा शिजत नाही" याचं निम्मं उत्तर हे आहे.

राजम्याची एक गोष्ट जिवाची आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, ताजं पाणी खळखळ उकळून अर्धा तास तरी शिजू द्या किंवा सरळ प्रेशर कुकर लावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नका. तिथे तापमान उकळीपर्यंत पोचलं नाही तर विष जात नाही.

गॅस वाचवायचा तर अर्धा किलो एकदम शिजवा. त्याचे सव्वा किलोच्या आसपास होतात. पसरट भांड्यात गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तिथे तीन दिवस राहतं. उरलेलं एका वेळेपुरतं चपट्या पिशव्यांत, शिजवलेल्या पाण्यासकट गोठवा. चपट्या पिशव्या लहान फ्रीजरमध्ये पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. हाच दोन तासांचा नियम भाताला लावा. शिळ्या भाताची बाधा होते ती तो बाहेर राहिल्यामुळे, आणि पुन्हा गरम केल्याने भातात तयार झालेलं विष जात नाही.

भुंगे. अंडी मालातच आलेली असतात, दिसत नाहीत. डबा कितीही घट्ट असला तरी ती आतच उबतात. पिशवी हवाबंद करून फ्रीजरमध्ये पूर्ण चार दिवस ठेवा (उणे १८ अंशांना). तुमच्या फ्रीजरला एका वेळी दोन किलो जात असतील तर आळीपाळीने करा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि भुंगे गेले तरी बुरशी येते. मग कोरड्या डब्यात काठोकाठ भरा. जुन्यावर नवं कधीही ओतू नका. डबा रिकामा करा, पुसा, वाळवा, नवं भरून त्यावर जुनं ठेवा.

शेंगदाण्यांना हे पुरत नाही. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे वेचून फेका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) भाजून किंवा उकळूनही जात नाही. शेंगदाणे महिन्याचे एकदम घेण्यापेक्षा दोनदा घ्या.

---

पानफूल

केके, पूर्ण सहमत. एक भर. अख्खं धान्य महिन्याचं घ्या, पण गव्हाचं कोंड्यासकट पीठ नको. अंकुरातलं तेल दळल्यावर हवेच्या संपर्कात येतं आणि उकाड्यात पीठ लवकर खवट होतं. हातसडीच्या तांदळाचंही तेच, पांढरा तांदूळ मात्र वर्षभर राहतो. तयार पीठच घेणार असाल तर पंधरा दिवसांचं घ्या. तेलाचंही मोठं भांडं स्वस्त दिसतं, पण उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपणार असेल तरच, आणि उजेडापासून लांब.

तराजू, सोयाबीनच्या वड्यांना तुम्ही सगळ्यात वरचा आकडा दिलात तो बरोबर आहे. पण नवी_सुरुवात यांनी त्या डाळीच्या जागी रोज लावू नयेत असं मला ठामपणे वाटतं. आठवड्यातून दोनदा ठीक. डाळी आलटून पालटून खाल्ल्या की तंतू आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) हेही मिळतात, आणि मुलं एकाच चवीला कंटाळत नाहीत. ती ताट टाकतात तेव्हा सगळा हिशेब कोलमडतो.

---

तराजू

मान्य. वड्या दोनदाच. आणि अंड्यांचा भाव माझ्या भागाकारात महाग दिसला तरी आठवड्याला निदान डझनभर ठेवाच. बी-१२ धान्या-डाळीत नसतं, अंड्यात आणि दुधात असतं. अंडी जुनी आहेत का ते पाण्यात बघा. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर आधी वापरा, तरंगलं तर वेगळ्या वाटीत फोडून वास घेतल्याशिवाय वापरू नका.

शेवटचा आठवडा कोरडा का जातो याचं एक साधं कारण राहिलं. बहुतेक जण महिन्याची रक्कम चाराने भागतात. तीस दिवसांचे आठवडे ४.३ होतात, एकतीसचे ४.४. चाराने भागलं की दोन-तीन दिवस बिनपैशाचे निघतातच. धान्य, डाळी, तेल, मीठ-मसाला पहिल्याच दिवशी भरा, दुधाचे पैसे बाजूला काढा, उरलेल्या रकमेला ४.५ ने भागा. तो भाजी-फळं-अंड्यांचा आठवड्याचा आकडा. त्या आठवड्याची नोट वेगळ्या पाकिटात घालून बाजारात तेवढंच न्या. ४.५ मुळे महिनाअखेर जे थोडं शिल्लक राहील त्यातून पुढच्या महिन्याची सगळ्यात स्वस्त झालेली डाळ दोन किलो जास्त घ्या. दोन-तीन महिन्यांत भाव चढला तरी थांबता येईल इतका साठा तयार होतो.

---

नवी_सुरुवात

४.५ चं लक्षातच आलं नव्हतं. या महिन्यापासून तशीच पाकिटं करते. केके, एक विचारायचं राहिलं: फ्रीजरमध्ये ठेवायची कडधान्याची पिशवी साधी प्लास्टिकची चालेल का?

---

केके_७१

जाड आणि भोक नसलेली असली तर चालेल. हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा आणि रबर दोनदा लावा. दुकानाची पातळ पिशवी असेल तर एकात एक दोन घाला. वर तारीख लिहा, नाहीतर चार दिवस झाले की दोन, ते आठवत नाही.